नोकरी सांभाळून सीए, सीएमए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी करत मी सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) पूर्ण केलं. आता त्याच वाटेवरची मुलं-मुली माझ्या हाताखाली काम करतात आणि चहाच्या सुट्टीत तेच ते प्रश्न घेऊन येतात. ते प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. सगळ्यांना पहिल्यांदा रोजच्या तासांची चिंता असते. माझ्या मते त्याआधी अटेम्प्ट, म्हणजे कुठल्या महिन्यातली परीक्षा द्यायची ते, ठरवावा, कारण अकाउंट्सवाल्यांचं वर्ष सगळे महिने सारखं नसतं. चुकीच्या महिन्यातला अटेम्प्ट निवडला की कष्टाळू माणूसही शेवटच्या दोन महिन्यांत क्लोजिंगखाली, म्हणजे हिशोबाची पुस्तकं बंद करण्याच्या कामाखाली, दबतो, आणि दोष मात्र स्वतःच्या बुद्धीला देत बसतो.

नोकरी करता करता सीए होता येतं का?

अर्ध्यापर्यंत येतं. सीएचे फाउंडेशन, इंटरमिजिएट (इंटर) आणि फायनल असे तीन टप्पे असतात. इंटरमिजिएटपर्यंतच्या परीक्षा नोकरी करत देता येतात. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील, किंवा इतर शाखेच्या पदवीला ६० टक्के असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी होते. नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ पूर्ण झाला की परीक्षेला बसता येतं.

खरा पेच इंटरचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) सुटल्यावर येतो. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, पूर्णवेळ असते आणि त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, हा मोठा दिलासा आहे. तरीही ही दोन वर्षं पगाराऐवजी स्टायपेंडवर काढावी लागतात. घराचा हप्ता, धाकट्या भावाची फी, आईचं औषधपाणी तुमच्या पगारातून होत असेल, तर हा हिशोब इंटरचा फॉर्म भरण्याआधी घरच्यांसोबत बसून करा. इंटर पास होऊन मग आर्टिकलशिप परवडत नाही म्हणून थांबलेले लोक मी पाहिलेत. त्यांची हुशारी कुठेच कमी नव्हती.

नोकरी सोडणं शक्यच नाही. मग कुठला कोर्स?

तुम्ही कुठे काम करता आणि पुढे काय करायचंय, यावर अवलंबून आहे.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी अशा पट्ट्यातल्या उत्पादन कंपनीत असाल तर सीएमए. हा कोर्स घेणारी संस्था १९५९ च्या कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स कायद्याखालची आहे, कॉस्ट ऑडिटवर सही करण्याचा अधिकार प्रॅक्टिस करणाऱ्या सीएमएला कंपनी कायद्याच्या कलम १४८ ने दिलाय, आणि पदवीधराला थेट इंटरला प्रवेश मिळतो. इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, प्रत्येकी चार-चारचे दोन ग्रुप. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. पंधरा महिन्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहे, पण संबंधित कामाचा नोकरीतला अनुभव त्यासाठी विचारात घेतला जातो. तुमचं काम त्यात बसतं का हे संस्थेला लेखी विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. नुसतं व्हाउचर एंट्रीचं काम आणि कॉस्टिंग किंवा बजेटचं काम यांत फरक केला जाऊ शकतो.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, गोरेगाव इथल्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये परदेशी कंपन्यांची पुस्तकं सांभाळत असाल तर एसीसीए (ब्रिटनची अकाउंटन्सी पात्रता) किंवा अमेरिकेचं सीएमए जास्त जवळचं पडेल. एसीसीएच्या सध्याच्या रचनेत तेरा पेपर आहेत. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशी चार सत्रं, एका सत्रात एकच पेपर दिला तरी चालतो, ५० गुणांना पास, आणि तीन वर्षांचा अनुभव नोकरीतूनच मिळवायचा. अमेरिकी सीएमएचे दोनच भाग, प्रत्येकी चार तासांचे. पण भारतात कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही फक्त सीएच करू शकतो. कंपनी कायद्याचं कलम १४१ त्याबाबत स्पष्ट आहे. स्वतःची प्रॅक्टिस थाटायचं स्वप्न असेल तर परदेशी पात्रता घेऊन ते पुरं होणार नाही, आणि हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

अटेम्प्ट कसा निवडायचा?

घरातलं कालनिर्णय भिंतीवरून काढा आणि लाल पेन घेऊन बसा. आधी महिन्याच्या ठरलेल्या तारखा: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ-ईएसआयसी, २० ला थ्रीबी (जीएसटीचं मासिक रिटर्न). मग वर्षाच्या. त्यातलं जे तुमच्या टेबलावर येतं तेवढ्यालाच गोल करा.

तुम्ही लिस्टेड कंपनीत किंवा तिच्या उपकंपनीत असाल तर सेबीच्या नियमानुसार वार्षिक निकाल ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत जाहीर करावे लागतात. एप्रिल आणि मे हे दोन महिने ऑडिटरच्या शंका, बॅलन्स कन्फर्मेशन आणि स्टॉकच्या फरकांत जातात. सीएमएची जूनची परीक्षा लगेच पुढे उभी असते. अशा माणसाने जूनला दोन ग्रुप भरू नयेत, एक भरला तरी त्याचा अभ्यास मार्चच्या मध्यापर्यंत एकदा पूर्ण झालेला हवा. डिसेंबर त्यामानाने बरा. सप्टेंबर तिमाहीचे निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत उरकतात आणि त्यानंतरचे आठवडे तुमच्या हातात राहतात.

छोट्या खासगी कंपनीचं गणित वेगळं. तिथे ऑडिट रेंगाळतं आणि सप्टेंबरमधल्या एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) तोंडावर सगळं अंगावर येतं. त्यामुळे मे-जून तुलनेने मोकळा असतो.

सीए फर्ममध्ये किंवा टॅक्स सल्लागाराकडे नोकरी असेल तर ३१ जुलैची रिटर्न्स, ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट, ३१ ऑक्टोबरची ऑडिटवाली रिटर्न्स यांत जुलै ते ऑक्टोबर धरूच नका. शिवाय तारखा पुढे सरकतात. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची मुदत आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबरपर्यंत वाढली. व्यापाऱ्यांना दिलासा मिळाला आणि फर्ममधल्या ज्या मुलांनी ऑक्टोबरपासून अभ्यासाला बसायचं ठरवलं होतं त्यांचा दीड महिना गेला. म्हणून अशा ठिकाणी मुदतवाढ होणारच असं धरून आखणी करा. सीए इंटरची परीक्षा आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. फर्मवाल्यांनी सप्टेंबर सोडावा, आणि बँक ब्रँच ऑडिट करणाऱ्यांनी एप्रिलचा पहिला पंधरवडा हिशोबातून वगळूनच मेचा विचार करावा. जानेवारी मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. डिसेंबरअखेर जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक रिटर्न) असतो, पण ते काम आधी करून ठेवता येतं.

एवढं झाल्यावर हिरव्या पेनने घरच्या तारखा घाला. गणपती, नवरात्र, दिवाळी, मेमधली लग्नं, गावची जत्रा. कोकणात घर असेल तर गणपतीचे पाच-सात दिवस गेलेच, आणि ते जायलाच हवेत. आखणी करतानाच ते दिवस वजा केले की तिथे बसून अपराधी वाटत नाही.

दोन्ही रंग टाळून जिथे सलग सहा-सात आठवडे पांढरे राहतात, त्याच्या शेवटी येणारा अटेम्प्ट तुमचा.

एक ग्रुप द्यावा की दोन्ही?

नोकरीवाल्यांनी एक. याला अपवाद असतात, पण थोडे.

तरी नियम नीट समजून घ्या. सीएच्या इंटर आणि फायनलला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के लागते. तीन पेपरांचा ग्रुप म्हणजे १५० गुण. कुणाला ५८, ४६ आणि ४४ पडले तर प्रत्येक पेपर पास दिसतो, बेरीज मात्र १४८ होते आणि ग्रुप जातो. हे दोन गुण लोकांना पुढच्या अटेम्प्टपर्यंत छळतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर सहा पेपरांची मिळून सरासरी धरली जाते, त्यामुळे एका ग्रुपची कमतरता दुसरा भरून काढतो. दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचा खरा फायदा हाच. पण तो घ्यायला सहाही पेपरांत ४० पार करण्याइतकी तयारी हवी, आणि क्लोजिंग सांभाळून सहा विषय एकाच वेळी ताजे ठेवणं फार थोड्यांना जमतं.

ग्रुप राहिला पण त्यातल्या एका पेपराला ६० पडले, तर पुढच्या तीन अटेम्प्टसाठी त्या पेपरातून सूट मिळते आणि ते गुण बेरजेत धरले जातात. अट एवढीच की ग्रुपमधल्या सगळ्या पेपरांना बसलेलं असावं. म्हणून पहिला पेपर वाईट गेला म्हणून घरी बसू नका. दुसरे दोन पेपर देऊन या. नोकरी करणाऱ्याला पुढच्या वेळी तीनऐवजी दोनच पेपर असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

रोज किती तास अभ्यास पुरेसा?

सोमवार ते शुक्रवार दोन तास, शनिवारी चार, रविवारी सात. आठवड्याचे एकवीस झाले. सव्वीस आठवड्यांचे ५४६. त्यातून क्लोजिंग, सण, ताप-खोकला, पाहुणे यांसाठी पाव भाग काढा. साधारण चारशे उरतात. चार पेपरांचा सीएमएचा ग्रुप असेल तर पेपरमागे शंभर. माझ्या अनुभवात, अकाउंट्सचा पाया पक्का असलेल्याला एवढ्यात वाचन, सराव आणि दोन उजळण्या बसतात.

पहाट की रात्र, यावर माझं मत पहाट. संध्याकाळचा वेळ तुमच्या साहेबांच्या हातात असतो, पाच वाजता आलेली मेल सात वाजेपर्यंत बसवते. पहाटे पाच ते सात कुणी मागत नाही.

लोकलमध्ये अभ्यास होतो का?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला हातात पुस्तक धरायला जागा नसते, त्यामुळे फोनवर जेवढं होईल तेवढंच. एमसीक्यू, कायद्याच्या तरतुदी, ऑडिटिंग स्टँडर्ड्सची उजळणी, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या नोट्स. कसारा, कर्जत किंवा विरारहून बसायला मिळत असेल तर थिअरीचा एक धडा होतो. गणितं गाडीत करू नका. कन्सॉलिडेशनचं (समूहातल्या कंपन्यांचे हिशोब एकत्र करण्याचं) गणित डोळ्यांनी वाचलं की समजल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत पहिल्याच ओळीला हात थांबतो.

ऑफिसच्या कामाचा परीक्षेत उपयोग होतो ना?

होतो, भरपूर होतो, आणि त्याच कामामुळे काही गुण जातातही. दोन्ही बाजू सांगते.

आधी उपयोग. मटेरियल व्हेरियन्स, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मालखर्चातला फरक, पुस्तकात वाचताना ते सूत्र असतं. कारखान्यात ते माणसांचं भांडण असतं. समजा एका जॉबला १०० किलो पत्रा, ६० रुपये किलो, असं प्रमाण ठरलंय. परचेसने ५७ ला पत्रा मिळवला. प्रत्यक्षात १०८ किलो लागला. परचेसवाले म्हणतात आम्ही किलोमागे तीन रुपये वाचवले, म्हणजे ३२४ रुपयांचा फायदा. प्रॉडक्शनच्या खात्यावर आठ किलो जास्त वापरल्याचा ४८० रुपयांचा तोटा पडतो. एकूण १५६ रुपये तोटा. शॉपवर जाऊन पाहिलं की कळतं, स्वस्त पत्र्याच्या कडा खराब होत्या, ब्लँक (पत्र्याचे तुकडे) कापताना जास्त भाग भंगारात गेला. म्हणजे एका खात्याची बचत दुसऱ्या खात्याच्या तोट्यातून आलीय. ज्याने हे भंगाराच्या बिनपाशी उभं राहून पाहिलंय, त्याला परीक्षेत ‘दोन्ही व्हेरियन्सचा परस्परसंबंध स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पाठांतराची गरज लागत नाही. नोकरीवाल्यांनी आपल्या कंपनीतली अशी उदाहरणं वहीत टिपून ठेवावीत. बिल ऑफ मटेरियल, मशिन अवर रेट, जॉब वर्कचे चलन, सगळं अभ्यासाचंच आहे.

आता अडचण. ऑफिसात आपण आजचा कायदा वापरतो, परीक्षेत मात्र त्या अटेम्प्टला लागू केलेला कायदा लिहायचा असतो. संस्था प्रत्येक अटेम्प्टसाठी कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या धरायच्या हे जाहीर करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक ठिकाणी गेले. ऑफिसच्या बिलिंगमध्ये ते त्याच दिवशी बदललं. अभ्यासक्रमात ते त्याच दिवशी येतं असं नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे, कलमांचे क्रमांकही बदललेत. टॅक्समध्ये रोज काम करणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो, कारण हाताला सवय ऑफिसची असते. फॉर्म भरल्यावर पहिलं काम म्हणजे लागू कायद्याचं परिपत्रक डाउनलोड करून पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवणं.

दुसरी अडचण, टॅली किंवा सॅपसारखं सॉफ्टवेअर बरंच काही आपोआप करतं. डिफर्ड टॅक्स, फॉरेक्सचा फरक, लीजची नोंद यांतलं अर्धं सिस्टिममध्ये बसवलेलं असतं. परीक्षेत ते कागदावर पायरीपायरीने दाखवायचं असतं आणि गुण पायऱ्यांना असतात. ‘आमच्याकडे असं करतात’ ही पद्धत स्टँडर्डला धरून असेलच असंही नाही.

ऑफिसात सांगावं का? रजा कशी मागायची?

सांगावं. थेट वरिष्ठांना सांगावं, सगळ्या विभागाला सांगायची गरज नाही. सांगितलं नाही तर ऐन परीक्षेच्या आठवड्यात आजारी असल्याचं खोटं बोलावं लागतं, आणि निकाल लागल्यावर ते उघडं पडतंच.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ ज्या ऑफिसांना लागू आहे तिथे वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, अर्जित रजा वीस दिवसांच्या कामामागे एक या हिशोबाने मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. कारखान्याच्या आवारात काम करत असाल तर नियम वेगळे असतात, एचआरकडून समजून घ्या. परीक्षेसाठी म्हणून वेगळ्या रजेची सक्ती या कायद्यात नाही, त्यामुळे साठवलेली रजा हाच तुमचा साठा. वर्षभर एक-एक करून ती उडवू नका.

मागायची पद्धतही महत्त्वाची. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच आठवड्यात मेल करा. त्यात तारखा, त्या काळात येणाऱ्या ड्यू डेट्स, प्रत्येक काम कोण बघेल आणि तुम्ही आधी काय उरकून जाल, हे लिहा. ‘सर, परीक्षा आहे, सुट्टी पाहिजे’ या मेलला उत्तर द्यायला साहेब टाळाटाळ करतात. ‘सर, ७ चा टीडीएस मी ४ लाच भरून जाते, बँक रिकन्सिलिएशन अमुक सहकारी बघेल, त्याच्याशी बोलले आहे’ या मेलला नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागतं. ज्या सहकाऱ्यावर काम टाकताय, त्याच्या अडचणीच्या वेळी तुम्हीही उभं राहा.

पेपर साधारण एक दिवसाआड असतात. मधल्या दिवशी ऑफिसला जाईन असं कबूल करू नका.

तीन तास हाताने लिहिणं जमत नाही. काय करू?

ही तक्रार नोकरीवाल्यांचीच असते आणि ती खरी आहे. वर्षानुवर्षं बोटं कीपॅडवर असतात. तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर पसरतं, शेवटचा मोठा प्रश्न येत असूनही राहून जातो. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज दोन पानं, घड्याळ लावून, ज्या पेनाने परीक्षा देणार त्याच पेनाने लिहा. शेवटच्या महिन्यात दर रविवारी एक पूर्ण पेपर, परीक्षेच्याच वेळेला, मधे न उठता. एक्सेलची सवय झाल्याने साधी बेरीजही कॅल्क्युलेटरवर चुकते, त्यामुळे परीक्षेत चालणारा साधा कॅल्क्युलेटर आत्तापासून वापरायला घ्या.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीत उत्तरं अडतात.

सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. पण इथे लागणारी इंग्रजी मर्यादित आहे. ऑडिट आणि कायद्याच्या पेपरांत तीच दोनशे-तीनशे वाक्यं फिरून फिरून येतात. तरतूद, दिलेली माहिती, निष्कर्ष, अशी तीन भागांची उत्तरं छोट्या वाक्यांत लिहा. संकल्पना मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही, उलट ती पक्की बसते. मी मूल्यमापनाच्या पद्धती बाबांना मराठीत समजावून सांगायचे, त्यांना पटलं की मला कळलंय असं समजायचे. फक्त लिखाणाचा सराव पहिल्या दिवसापासून इंग्रजीत करा.

क्लास हवाच का?

संस्थांचं स्टडी मटेरियल, मॉक टेस्ट पेपर, जुन्या प्रश्नपत्रिका आणि सजेस्टेड अॅन्सर्स वेबसाइटवर फुकट मिळतात. ज्या विषयात तुम्ही रोज काम करता त्याला क्लास लावू नका. जो विषय कामात कधीच येत नाही त्याला लावा. रेकॉर्डेड लेक्चर घेत असाल तर एक पथ्य पाळा: लेक्चर पाहिलेला वेळ अभ्यासाच्या तासांत धरू नका. दिवसभर दमून आल्यावर लेक्चर लावून बसणं सोपं असतं आणि महिनाभराने लक्षात येतं की एकही गणित स्वतः सोडवलेलं नाही.

आर्टिकलशिप संपली, फायनल राहिलीय. नोकरी धरू की घरी बसू?

सर्वांत जास्त घालमेल याच प्रश्नात असते. वय चोवीस-पंचवीस, मित्र आयटीत कमावतायत, घरी नातेवाईक विचारतायत. बाजारात ‘सेमी क्वालिफाइड’ म्हणून नोकरी लगेच मिळते.

नव्या योजनेत आर्टिकलशिप पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं. हे सहा महिने अभ्यासासाठीच ठेवलेले आहेत. घरची परिस्थिती थोडीशी जरी झेपणारी असेल तरी या सहा महिन्यांत नोकरी धरू नका असं मी आग्रहाने सांगेन. आर्टिकलशिपमधला विषय डोक्यात ताजा असतो, बसायची सवय असते, आणि एवढा सलग वेळ नोकरी लागल्यावर पुन्हा मिळत नाही. पहिला अटेम्प्ट पूर्ण वेळ देऊन करा.

तो गेला, आणि घरी पैशाची निकड आहे, तर नोकरी जरूर धरा, फक्त निवडून. मोठ्या पगाराच्या पण रात्री नऊपर्यंत थांबवणाऱ्या जागेपेक्षा कमी पगाराची, घराजवळची, ठरलेल्या वेळेची जागा पहिल्या दोन वर्षांपुरती चांगली. मुलाखतीतच विचारा की परीक्षेला रजा मिळेल का. नाही म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. एकदा का ‘इंटर सीए’ या हुद्द्यावर चांगला पगार सुरू झाला आणि त्यावर गाडीचा हप्ता उभा राहिला, की फायनलचा फॉर्म भरणं पुढे पुढे जातं. पहिली दोन वर्षं नवं कर्ज काढू नका. आणि फायनलच्या आधी करायचे सेल्फ पेस्ड मॉड्यूल (स्वतःच्या सोयीने ऑनलाइन पूर्ण करायचे विषय) वेळेत उरकून ठेवा, ते शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

लग्न झालंय, मूल लहान आहे. आता शक्य आहे का?

शक्य आहे, पण तुमच्या एकटीच्या इच्छाशक्तीवर नाही. आमच्याकडे सून नोकरी करते, शिकते याचं कौतुक होतं आणि संध्याकाळचा स्वयंपाक मात्र तिच्याच वाट्याला राहतो. हे बोलून बदलावं लागतं. नवऱ्याशी आणि सासूबाईंशी परीक्षेच्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल स्पष्ट बोला: पोळ्यांना बाई लावायची, रविवारी दुपारपर्यंत बाळ नवऱ्याकडे, लग्नकार्यांना घरातलं एकच माणूस जाईल. मोघम ‘मदत करा’ म्हटलं की दोन दिवस होते. नेमकं काम आणि नेमकी वेळ सांगितली की टिकते. घरी जागा नसेल तर अभ्यासिका शोधा. पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही आता अभ्यासिका आहेत.

पुरुष वाचकांनाही हेच सांगते. तुम्ही अभ्यास करता तेव्हा घरातलं तुमचं काम कुणीतरी करत असतं, ते कोण हे बघा.

किती अटेम्प्टनंतर थांबावं?

आकडा सांगणार नाही, गुणपत्रिका मांडून बघा. गुण वर सरकतायत, एखाद्या पेपरात सूट मिळालीय, ग्रुप थोडक्यात जातोय, तर थांबू नका. सलग तीन वेळा त्याच दोन पेपरांत तीस-पस्तीस पडत असतील आणि अभ्यासाची पद्धत दरवेळी तीच असेल, तर आधी पद्धत बदलून एक अटेम्प्ट द्या. तरीही तसंच झालं, आणि तब्येत किंवा घर विस्कटायला लागलं, तर दुसऱ्या पात्रतेकडे वळणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. सीए इंटर झालेल्यांना सीएमएकडे जाताना काही सवलती मिळतात, त्या पाहून घ्या. शिकलेलं कामात रोज वापरलं जातं, ते फुकट जात नाही.

निकालानंतर झोप उडाली असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल, तर घरात सांगा, डॉक्टरांकडे जा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कंपनी फी देते का?

अनेक मोठ्या कंपन्या देतात, पण बहुधा पास झाल्यावर, पावत्या दाखवून. काही ठिकाणी त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असतो, तो सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. नोंदणी, परीक्षा आणि क्लास यांच्या पावत्या वेगवेगळ्या आणि स्वतःच्या नावावर घ्या. वडिलांच्या नावावरची पावती एचआर परत पाठवते.